सांबारवडीचा नफा

गोपिका आत्ता निजली असेल का, हा एकच विचार संध्याकाळपासून डोक्यातून हलत नाही. निजली असेल तर डाव्या कुशीवर आहे का? पायांखाली उशी घेतली का? आणि निजली नसेल तर उभी आहे का?

माझी लेक सहा महिन्यांची गरोदर आहे. मागच्या डिसेंबरात तिचं मूल सातव्या महिन्यात गेलं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी चौथ्या महिन्यातच पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि मला समोर बसवून सांगितलं, “हिला निजवून ठेवा. बसली तर एक वेळ चालेल, पण उभं राहू देऊ नका. टाका दोराच असतो, आजी. तो किती वजन धरणार?” त्यांनी मला आजी म्हटलं. मी अजून कोणाची आजी झालेली नाही.

आज दुपारी मी गोपिकाला उभी पाहिली. कढईसमोर.

गोपिका कोणी मोठी बाई नाही. नागपुरात बर्डीवरच्या शेवंता भोजनालयाची ती सून. आता त्या भोजनालयाची कंपनी झाली आहे, शेवंता रेस्टॉरंट्स लिमिटेड, आणि तिची मुंबईच्या शेअर बाजारात नोंद आहे. दर वर्षी कंपनीचा छापील अहवाल येतो. त्यात संचालकांची नावं असतात, बँकेचं नाव असतं, हिशेब तपासणाऱ्यांचं नाव असतं. गोपिकाचं नाव कुठेच नसतं. म्हणून मी तिच्याबद्दल लिहायला बसले आहे. बसल्या जागी दुसरं काही करता येत नाही.

तिचं लहानपण कामठीत गेलं. हे तिथे नोकरीला होते. मी बी.ए. झालेली, अर्थशास्त्र घेऊन, त्यामुळे पोरीनं शिकावं अशी माझी फार इच्छा होती. पण गोपिका पुस्तकासमोर बसली की पाच मिनिटांत तिचे हात चाळवायचे. वहीच्या कागदाच्या घड्या घालायची. धुतलेल्या कपड्यांचा ढीग दिसला की अभ्यास सोडून घड्या घालायला उठायची, आणि तिनं घडी घातलेलं लुगडं पेटीत महिनाभर तसंच राहायचं, कोपऱ्याला कोपरा लागलेला. मी रागावले की म्हणायची, “आई, मी उभ्यानं विचार करते वं. बसलं की डोकं बंद होते माझं.” मॅट्रिक दुसऱ्या खेपेला झाली. कॉलेजात एक वर्ष गेली आणि थांबली.

अठ्ठ्याहत्तर साली शेवंतावाल्यांचं स्थळ आलं. मुलगी पाहायला मुलाची आई, तुळसाबाई, आल्या. ठसठशीत बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सतत खोकायच्या. त्यांनी गोपिकाला ना नाव विचारलं ना शिक्षण. पिशवीतून भिजवलेल्या बेसन-मैद्याचा गोळा काढला, एका डब्यातून सांबाराचं सारण काढलं आणि म्हणाल्या, “पोरी, पाच वड्या कर अन् तळून दाव.”

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हिवाळ्यात नागपुरात गाडे भरून सांबार येतो आणि घरोघर सांबारवडी होते. कोथिंबीर, खसखस, खोबरं, चारोळी, लसूण-मिरची यांचं सारण, वरून लाटलेल्या पोळीची पुडीसारखी घडी, आणि मग तेलात. सगळी गोम त्या घडीत. घडी नीट बसली नाही की वडी कढईत फुटते. सारण तेलात उतरतं, जळतं, आणि सगळं तेल काळं पडतं.

गोपिकाच्या पाचही वड्या फुटल्या नाहीत. शेवटचं टोक आत दुमडताना ती करंगळीच्या नखानं एक बारीक खूण करते, चंद्रकोरीसारखी. तुळसाबाईंनी वडी मोडली नाही, नुसती उलटी करून ती खूण पाहिली. म्हणाल्या, “हुंडा नको. लग्नाचा खर्च आमचा. पोरगी आमची.”

त्या घराची रीतच तशी. वडीला हात घरच्याच बाईचा लागतो. नोकरमाणसं भाजी चिरतील, भांडी घासतील, वाढतील, पण सांबारवडी लाटणार आणि तळणार ती घरची बाई. दुकानाच्या पाटीवरही तसंच लिहिलेलं आहे: ‘घरच्या हातची सांबारवडी’. शेवंता हे तुळसाबाईंच्या सासूचं नाव. बासष्ट साली गोपिकाचे सासरे मारोतराव यांनी टिनाच्या शेडमध्ये भोजनालय काढलं तेव्हा तुळसाबाई पहाटे पाचाला भट्टी पेटवायच्या आणि रात्री शेवटचं गिऱ्हाईक उठलं की बसायच्या. सोळा वर्षं त्यांनी हे केलं, मग गोपिका आली. एक्याऐंशी साली तुळसाबाई खोकतच गेल्या. त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी गोपिकानं पेटवली. तेव्हापासून तीच पेटवते.

मला वाटायचं, पोर सुखात आहे. खरंच वाटायचं. नवरा शालिकराम साधा आहे, गल्ल्यावर बसतो, तिला कधी वाकडं बोलत नाही. आणि गोपिकाला तिच्या वडीचा अभिमान होता. डिसेंबरात अधिवेशन भरलं की मुंबईची मंडळी नागपुरात येतात. आमदार, त्यांचे कार्यकर्ते, सचिवालयातले लोक. महिनाभर शेवंताला रांग असते. वर्षाचा निम्मा नफा त्या एका हंगामात निघतो, असं मारोतराव सांगतात. गोपिका माहेरी आली की हसत सांगायची, “आई, एक साहेब चुलीपर्यंत आले पाहायले, वडी कोण करते म्हणून. मी पदर सावरू का झारा सावरू समजेना.”

चौऱ्याऐंशीत मारोतरावांनी कंपनी काढायचं ठरवलं. धंतोलीत दुसरं हॉटेल, अमरावती रोडवर वाडीच्या ट्रकवाल्यांसाठी तिसरं. त्यासाठी लोकांकडून पैसे उभे करायचे. मुंबईहून एक हिशेबनीस आले होते. त्यांनी मागच्या पाच वर्षांचा नफा मांडला. छान नफा होता. लहान भोजनालय इतकं कमावतं यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी विचारलं, “घरच्या बायकांचा पगार कुठे दाखवलाय?” मारोतराव मोठ्यानं हसले. ही गोष्ट त्यांनीच नंतर आम्हाला जेवताना सांगितली, आणि पुन्हा हसले. “मी म्हटलं, साहेब, मालकिणीले पगार देते का कोणी?”

मी तेव्हा विचारलं होतं, “मग तिच्या नावावर काही शेअर?”

“विहीणबाई, शालिकरामाचे ते तिचेच की नाही?” ते म्हणाले.

मी पोळी वाढली.

यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून कंपनीचे बाराशे शेअर घेतले, दहा रुपयांचा एक. नोकरी संपायला चारच वर्षं होती. हुडकेश्वरला प्लॉट घेऊन आम्ही दोन खोल्या बांधल्या होत्या, पण वरती टिन. स्लॅबला पैसे पुरले नव्हते. “दोन वर्षांत दहाचे वीस होतील,” हे म्हणाले, “विकू अन् स्लॅब टाकू.” शेअर माझ्या नावावर घेतले. मला दमा आहे. टिनाखाली हिवाळ्यात थंडी अशी उतरते की रात्रभर छाती वाजते. म्हणून स्लॅब, आणि म्हणून माझं नाव.

पहिल्या वर्षी भाव चौदापर्यंत गेला. हे रोज पेपर उघडून पाहायचे, त्यात शेवंताचं नाव नसायचंच. मग इतवारीत शेअरची दलाली करणाऱ्या नत्थूजींकडे जाऊन विचारून यायचे.

मागच्या डिसेंबरात, अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यात, गोपिकाला चुलीपुढे कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा होता. त्याच्या हाताची बोटं मी पाहिली, लांबसडक, गोपिकासारखी. त्याबद्दल मी आणखी लिहू शकत नाही.

ती दीड महिना अंथरुणात होती. शेवंतात तीन बाहेरच्या बाया लावल्या. वड्या कढईत फुटू लागल्या. रोज तेलाचे डबेच्या डबे फेकावे लागले. मुंबईची मंडळी एकदा आली, तोंड वाकडं करून गेली. वर्षाअखेर नफा निम्म्यावर आला आणि शेअरचा भाव सातावर. यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. मला वाटलं, नातवाच्या दुःखानं. तसंच असेल. दोन्हींनी असेल.

या खेपेला दिवस गेले तसं मी गोपिकाला माहेरी आणलं. टाका घातल्यावर दीड महिना ती इथे, याच खोलीत, माझ्या खाटेवर निजून होती. मी तिला उठून पाणीही घेऊ दिलं नाही. ती छताच्या टिनाकडे पाहत पडायची आणि हातात काही नाही म्हणून माझ्या पदराच्या टोकाच्या घड्या घालायची. मागच्या आठवड्यात शालिकराम स्कूटरवर आला. मान खाली घालून बसला. म्हणाला, “आई, दोनच दिवस. ते नवीन बायाले नुसतं शिकवून द्यायचं आहे तिनं. खुर्चीवर बसून. मी स्वतः लक्ष ठेवतो.”

“स्कूटरवर नेणार का तिला?” मी विचारलं.

“नाही नाही. रिक्षा आणली आहे.”

खरंच आणली होती. गोपिका स्वतःच उठली. दोन दिवसांचे आठ दिवस झाले.

आज कंपनीची वार्षिक सभा होती. भोजनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मी भागधारक, म्हणून मला निमंत्रण. हे माझ्यासोबत. शंभरेक लोक असतील. मारोतरावांचे नातेवाईक, इतवारीचे व्यापारी, दोन-तीन शाळामास्तर, कामठीचे यांचे जुने सोबती. सभेला प्रत्येकाला बशीत दोन सांबारवड्या आणि वाटीभर कढी, ही पहिल्या वर्षापासूनची प्रथा. माझ्या मागे कोणी तरी म्हणालं, “मी तं वडीसाठीच शेअर घेतले गा. डिव्हिडंड नाही दिला तरी वडी नको बंद करू म्हणा.” लोक हसले.

माझ्या हातात बशी आली. मी वडी उलटी केली. घडीच्या टोकावर नखाची चंद्रकोर होती.

आधी मनाला समजावलं, बसून दुमडली असेल. शिकवता शिकवता दोन-चार केल्या असतील. मग यांची बशी पाहिली. यांच्या वड्यांवरही खूण. शेजारच्या मास्तरांच्या बशीत पाहिलं. सगळ्यांच्या वडीवर तीच खूण होती. शंभर माणसं, दोनशे वड्या.

तेवढ्यात नत्थूजी उठले. त्यांना बोलायला आवडतं. “मारोतराव, वडी तं झकास आहे. पण मले सांगा, मागच्या साली नफा निम्मा काहून झाला गा?”

मारोतराव उभे राहिले. पांढरा शर्ट, वर कोट. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहिलं पाहिजे. मागच्या वर्षी दवाखान्याच्या ओसरीत ते लहान पोरासारखे रडले होते.

“नत्थूजी, मी लपवून ठेवणारा माणूस नाही,” ते म्हणाले. “बासष्टपासून एका साली तोटा नाही आला. दोनदाच नफा उतरला. एकदा एक्याऐंशीत, आमची मंडळी गेली तेव्हा. अन् मागच्या साली, आमची सूनबाई दवाखान्यात होती तेव्हा. बाहेरच्या बाया लावल्या. त्याईचा पगार गेला तो गेलाच, वरून वड्या फुटल्या. नुसतं तेलच पाहा किती गेलं!”

“मग यंदा काय?”

“यंदा काय म्हणता?” मारोतरावांनी हात पसरले. “तुम्ही आत्ता खाल्ली ते कोणाच्या हातची? सूनबाई परत उभी राहिली आहे. सोमवारपासून अधिवेशन. मी तुम्हाले जबान देतो, यंदा नफा पहिल्यासारखा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नत्थूजींनीही वाजवल्या. माझ्या शेजारी यांनीही वाजवल्या. दोनदा. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

कोणी काही लपवलं नव्हतं. सगळ्यांसमोर, माइकवर, सांगितलं होतं. ज्या दोन वर्षी त्या घरातली बाई पडली, त्याच दोन वर्षी नफा पडला. हे शंभर माणसांनी ऐकलं आणि त्यांना त्यात फक्त एवढंच दिसलं की बाई उभी राहिली म्हणजे नफा उभा राहिला.

मी उठून जिन्यानं खाली गेले. स्वयंपाकघरात धूर, मिरचीचा ठसका. मला खोकला आला, त्या आवाजानं गोपिका वळली. कढईपुढे उभी होती. एक पाय तेलाच्या रिकाम्या डब्यावर टेकवलेला, दुसरा जमिनीवर. पायांना सूज. भिंतीजवळ स्टूल होतं, त्याच्यावर पिठाची परात.

“कोणी उभी केली तुले?” माझ्या तोंडून एरवी अशी बोली निघत नाही. तेव्हा निघाली.

“कोणीच नाही वं आई. लाटायले बसलीच होती. तळायपुरती उभी राहिली.”

“दोनशे वड्या तळायपुरती?”

“दोनशे साठ,” तिनं सुधारून सांगितलं आणि झारा उचलला. “नोकरमाणसंही खातात ना.”

शालिकराम दारात आला. “आई, मी स्टूल आणून दिलं होतं तिले.”

“त्यावर परात आहे, जावईबापू.”

तो लाजला. परात खाली उतरवून ठेवली, स्टूल पुढे सरकवलं. गोपिका बसली नाही. बसून कढईपर्यंत हात पोचतच नाही, हे तिथल्या तिघांनाही दिसत होतं. तो वर निघून गेला, कोणी तरी हाक मारली म्हणून.

मी म्हटलं, “चल माझ्यासोबत. आत्ता. रिक्षा बोलावते.”

“सभेच्या मधून? मामाजीनं जबान दिली ना वर. मी ऐकलं.”

“त्यांनी दिली. तू नाही दिली.”

तिनं कढईतल्या वड्या उलटल्या. एकही फुटली नव्हती. तेल कसं स्वच्छ, सोनेरी. “आई, दुखत नाही आहे मले. खरंच. अधिवेशन आटपलं की निजते.”

“मागच्या वेळीही दुखत नव्हतं. दुखलं तेव्हा उशीर झाला होता.”

यावर तिची मान खाली गेली. मला वाटलं, आता येईल. मग ती हळूच म्हणाली, “बाबा आले होते मंगळवारी. तुले सांगितलं नाही का त्यायनं?”

“नाही. काय म्हणाले?”

“तुझी छाती रात्रभर वाजते म्हणाले. यंदा भाव चढला की शेअर विकून स्लॅब टाकतो म्हणाले. मीच म्हटलं, बाबा, मी हंगाम काढून देते.” तिनं माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. “स्लॅब होऊ दे वं आई एकदाचा. मग बाळंतपणाले मी तिथेच येते. लेकराले टिनाखाली कशी झोपवू?”

अर्थशास्त्र शिकले होते मी. किंमत, मागणी, नफा, सगळं शिकले होते. माझ्या छपराची किंमत कुठून वसूल होते आहे ते माझ्यासमोर उभं होतं, एक पाय डब्यावर टेकवून.

जिन्यापाशी नत्थूजी भेटले. माझा चेहरा पाहून थांबले. मी विचारलं, “माझे शेअर आज विकले तर काय येईल?”

“आज? सातच्या आसपास.” मग आवाज खाली केला. “पण विहीणबाईनं विकले असं लोकाईले कळलं, तर बाकीचे थांबतील का? चारवर येईल भाव. मारोतराव तुमच्या दारात पाऊल नाही टाकणार मग. विचार करा बाई.”

रिक्षानं आम्ही दोघं घरी आलो. घरात शिरल्यावर मी विचारलं, “मंगळवारी तुम्ही तिला काय सांगून आलात?”

“पाहायले गेलो होतो पोरीले. पाहायले जाऊ नको का?”

“स्लॅबचं कशाला सांगितलं?”

“तिनं विचारलं तुझी तब्येत कशी आहे. मी सांगितलं.” ते खुर्चीवर बसले, पायातले जोडे तसेच. “तिनंच म्हटलं, बाबा मले जमते. मी काय कसाई आहे का? माझंही नातवंड आहे ते.”

“आज तिला घेऊन आलो असतो तर?”

“भर सभेतून? घरच्याच माणसानं सून उचलून नेली म्हटल्यावर उद्या काय भाव राहिला असता? आपले बारा हजार आहेत त्यात. फंडाचे. मी रिटायर झालो की खाऊ काय?” ते थांबले. डोळ्यांत पाणी आलं की ते नेहमी रागावतात, तसे रागावले. “अन् शेअर तुझ्या नावाचे आहेत. मले काहून विचारून राहिली?”

ते भिंतीकडे तोंड करून निजले आहेत. झोप लागलेली नाही. यांचा श्वास मला ओळखू येतो.

मी ट्रंकेतून शेअरची सर्टिफिकेटं काढली आहेत. ती इथे टेबलावर आहेत, वर कंपनीचं चित्र: उदबत्तीसमोर शेवंताबाई. खाली माझं नाव, टाइप केलेलं. यांनी ते रागाच्या भरात म्हटलं, पण म्हटलं ते खरं आहे. शेअर माझ्या नावाचे आहेत. भाव सातावर असो की चारवर, ते विकायला मला कोणाची सही लागत नाही.

मी विकले तर काय होईल ते नत्थूजींनी सांगितलं आहे. भाव पडेल. मारोतराव तोंड फिरवतील. शालिकरामाला दोन्हीकडून ऐकावं लागेल. यांचा फंड जाईल आणि हे कदाचित वर्षभर माझ्याशी बोलणार नाहीत. टिनाखाली माझा दमा राहील. या सगळ्याची मला भीती वाटते. ही भीती खोटी नाही. पण गोपिकाचं उभं राहणं माझ्या स्लॅबसाठी आहे, आणि स्लॅबच राहिला नाही तर तिचं उभं राहण्याचं एक कारण तरी कमी होईल. दुसरं कारण मारोतरावांची जबान. ती त्यांची आहे, ती त्यांनी निस्तरावी. तेल काळं पडेल तर पडू द्या.

मी हे नुसतं लिहून ठेवून उपयोग नाही. परवा सोमवार. गोपिका उद्या पहाटेच हंगामाची तयारी सुरू करील. शेवंताचा फोन गल्ल्यावर असतो, स्वयंपाकघराच्या दारालगत. दिवसभर तो मारोतराव उचलतात नाही तर शालिकराम, आणि दोघांच्या कानावरून माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचायचं नाही. पण पहाटे पाच वाजता घरचे वर निजलेले असतात, खाली फक्त गोपिका असते. भट्टी पेटवायच्या आधी ती गल्ल्यावरच्या देवाला उदबत्ती लावते. त्या वेळी फोन वाजला तर तीच उचलेल.

आमच्या गल्लीत एकच फोन आहे, यमुताईंकडे. डायलला कुलूप, किल्ली त्यांच्या कमरेला. पहाटे त्यांना उठवलं की सकाळी ऊन वर यायच्या आत सगळ्या हुडकेश्वरला कळेल की माझ्या लेकीच्या सासरी काही तरी झालं. यमुताई शेजारी उभ्या राहून शब्द न शब्द ऐकतील. ऐकू देत.

काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. जास्त बोलले तर ती समजावत बसेल, आणि समजावते तेव्हा ती उभी राहून समजावते. फोन उचलायला तिला चार पावलं चालावं लागेल, तेवढं तिच्या पोटातल्या जिवानं मला माफ करावं. मी म्हणेन: गोपे, शेअर मी विकायला काढते आहे, नत्थूजींकडे आजच जाते. स्लॅब होणार नाही. माझ्यासाठी तुला आता काही कमवायचं नाही. भट्टी पेटवू नको. गल्ल्याच्या खुर्चीवर बस आणि मी येईपर्यंत उठू नको. मी रिक्षा घेऊन निघाले.

लिहिता लिहिता पाच वाजत आले. बाहेर दूधवाल्याच्या सायकलीचा आवाज आला. शाल घेते, आणि यमुताईंचं दार वाजवायला जाते.